जबड्याचं फिटिंग

१२ जानेवारी, सोमवार
धाग्याच्या व्यापाऱ्याने दिलेली डायरी कोरीच पडून होती. आजपासून लिहायची. घडलंच तसं.

अडीच वर्षं दातांना तारा लावून फिरलो. पन्नाशी कधीच ओलांडलेली, आणि तोंड शाळकरी मुलाचं. गिऱ्हाइकांची थट्टा निमूट ऐकून घेतली. आणि आज तारवाल्या डॉक्टरांनी हात वर केले. माझ्याकडून होईल तेवढं केलं म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर जबड्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

या बाई माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी फोटो उजेडात धरून दाखवला. खालचा जबडा मागे आहे. तोंड मिटलं तरी फक्त शेवटच्या दाढा टेकतात, पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला फोटो कशाला? पाव खायचा तर हाताने तोडून, सफरचंद खायचं तर किसून. बाई पुढे म्हणाल्या, सगळा भार त्या दाढांवर आणि कानाजवळच्या सांध्यावर पडतोय. सांधा झिजत चाललाय. असंच राहिलं तर एक दिवस तोंड उघडणारच नाही. उपाय एकच. खालचं हाड दोन्ही बाजूंनी कापायचं, पुढे सरकवायचं, स्क्रूने पक्कं करायचं. मग सहा आठवडे तोंड बंद, पातळ खाणं, बोलणं नाही.

'कापायचं'च्या पुढचं मला नीटसं ऐकू आलं नाही.

कपडा बसत नाही म्हणून कोणी माणूस कापतं का?

विचार करायला तीन महिने मागून घेतले. १३ एप्रिल ही तारीख मिळाली. तोवर जबडा मी स्वतः जागेवर आणणार.

१३ जानेवारी
योजना तयार.

मला शिवणकाम कोणी शिकवलं नाही. कोणाचा तरी जुना कोट उसवला, कोणता तुकडा कुठे जातो ते पाहिलं, आणि कोट शिवायला लागलो. आज चौतीस वर्षं दुकान आहे. जबडा म्हणजे तरी काय, खांद्याला बाही बसवल्यासारखाच प्रकार. बाही ओढ खाते तेव्हा आपण काय माणसाचा खांदा कापतो?

एक, तोंडाचा व्यायाम, रोज शंभर वेळा. दोन, रबरं. (तारांना वर-खाली बारीक हुक आहेत, त्यांत इवली रबरं अडकवायची असतात. रोज बावीस तास.) तीन, फटीचं माप.

इंचटेप दातांत जाईना, म्हणून पॉपलिनचे पदर मोजले. तोंड मिटून पुढच्या दातांच्या फटीत बरोबर सात पदर बसले. लिहून ठेवलं.

१५ जानेवारी
व्यायाम सुरू. बाविसावर थांबावं लागलं. समोरच्या शाळेतल्या बाई ब्लाउज न्यायला येत होत्या. काचेतून त्यांनी मला जबडा पुढे काढताना पाहिलं आणि तशाच मागे फिरल्या. उद्यापासून ट्रायलच्या पडद्यामागे.

१६ जानेवारी
पडद्यामागे ट्रायलला गिऱ्हाईक होतं. व्यायाम राहिला.

२० जानेवारी
डॉक्टर काय म्हणाल्या, असं हिने आठ दिवसांत चौथ्यांदा विचारलं. तीन महिन्यांनी या म्हणाल्या, असं सांगितलं. यात एक शब्द खोटा नाही. उरलेलं वाक्य कशाला सांगायचं? बायकामाणसं काळजी करतात, आणि काळजी केली की ही मशीन जोरात चालवते, सुया मोडतात.

२८ जानेवारी
फट चार पदरांवर आली! पंधरा दिवसांत सातावरून चार.

(पॉपलिन संपलं होतं म्हणून सुटिंग घेतलं. कापड ते कापड.)

६ फेब्रुवारी
आज जरा गंमत झाली.

वकीलसाहेबांच्या पँटचं माप घेत होतो. कमरेला टेप लावला आणि नेमकी जांभई आली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मिटेना. वकीलसाहेब आधीच पोटाच्या बाबतीत हळवे. त्यांना वाटलं, टेपवरचा आकडा पाहून माझा आ वासलाय. इतकं काही वाढलेलं नाही, असं ते म्हणाले, आणखी एकदा म्हणाले, मग चिडले. मला 'नाही हो' म्हणता येईना. नुसता घशातून आवाज, तोही हसल्यासारखा.

ही मशीनवरून उठून आली. गरम पाण्यात टॉवेल पिळून दोन्ही गालांना लावला, बराच वेळ दाबून धरला. कट्कन आवाज झाला आणि तोंड मिटलं. वकीलसाहेब तोवर निघून गेले होते. कापड तेवढं राहिलं.

हिने टॉवेल बाजूला ठेवला. डॉक्टर नक्की काय म्हणाल्या, असं पाचव्यांदा विचारलं. मी म्हटलं, दुकानात गर्दी आहे. दुकानात आम्ही दोघंच होतो.

७ फेब्रुवारी
हिने डॉक्टरांची फाइल वाचली. गाद्यांच्या खाली ठेवली होती तरी.

रागावली असती तर बरं झालं असतं. तसं काही नाही. काज करत करत एवढंच म्हणाली, "काल दहा मिनिटं मला वाटलं, तुमचं तोंड आता असंच राहणार. तुम्ही सांगितलं असतंत तर मी निदान घाबरायला तयार तरी राहिले असते."

मी दोऱ्याचं रीळ बदललं.

संध्याकाळी मुलीचा फोन. आईने सगळं कळवलेलं. डॉक्टरांचं सगळं पाळलंत ना, रबरं पूर्ण वेळ लावता ना, अशी उलटतपासणी. पूर्ण वेळ लावतो म्हणून सांगितलं. हिशेब अगदी सरळ आहे. दुकानात तोंडात टाचण्या धराव्या लागतात, तेव्हा रबरं काढावी लागतात, ते दहा तास सोडायचे. जेवणखाणाचे दोन. झोपेत अडचण होते, ते आठ. उरलेला सगळा वेळ रबरं तोंडात असतात. चार तास, पण मन लावून.

रबरांच्या बाबतीत खरं तर मी डॉक्टरांच्या एक पाऊल पुढेच आहे. पण ते आत्ता नको. माणसाने स्वतःची फुशारकी स्वतःच्या डायरीतही मारू नये.

१ मार्च
दोन पदर! सात, चार, दोन. या चालीने १३ एप्रिलला खालचे दात वरच्यांच्या पुढे जातील. जबडेवाल्या बाईंना काय सांगायचं, त्याची तयारी केली पाहिजे. रागाने नाही बोलायचं. मुलीच्या वयाच्या आहेत. शिकतील.

(ओव्हरकोटचं कापड चालू आहे.)

व्यायाम पुढच्या सोमवारपासून नियमित.

९ मार्च
सोमवार. व्यायाम नाही. सकाळी चहात बुडवलेला पाव चावतानाही कानाजवळ कळ आली. ही हल्ली विचारत नाही. ताटलीतलं सगळं बारीक करून पुढे ठेवते.

१२ मार्च
सगळ्याचं मूळ तारवाले डॉक्टर. अडीच वर्षं फुकट घालवली माणसाने. आपलं काम चुकलं की गिऱ्हाइकाला वरच्या मजल्यावर पाठवायचं. मी असं कधी केलं? माझी शिलाई बिघडली तर मीच उसवतो.

तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा फार कडक झाला. दुसरा फार लांबला. तिसऱ्यात मधेच माझ्या दुकानाचा इतिहास आला, पण चांगला आलाय, म्हणून ठेवला. परवा प्रत्यक्ष नेऊन देणार.

१४ मार्च
पत्र दिलं नाही.

जे झालं ते झालं तसं लिहितो.

खुर्चीत बसलो. पत्र खिशात. डॉक्टरांनी दात पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले की या दाढा अशा उंच कशा होत गेल्या, हे मला दोन वर्षं कळत नाहीये. मग म्हणाले, माझ्यासमोर रबरं लावून दाखवा.

मी ऐटीत लावली. दोन्ही बाजूंना, आरशाशिवाय.

डॉक्टरांचा हात तसाच हवेत राहिला. कधीपासून असं लावताय, असं विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हटलं. वरच्या सुळ्याच्या हुकातून खालच्या मागच्या दाढेला, तिरकं लावायला सांगितलं होतं ना, असं ते म्हणाले. सांगितलं होतं, मी नाही कुठे म्हणतोय? असं म्हणून मी त्यांना समजावून सांगितलं. कापडाचा सरळ धागा ताण धरतो. तिरका ओढला, ज्याला आम्ही उरेब म्हणतो, की कापड लोंबतं, घेर सुटतो. आधीच लोंबलेल्या जबड्याला कोणता शहाणा शिंपी उरेब ताण देईल? म्हणून मी पहिल्याच दिवशी चूक सुधारून घेतली आणि वरच्या दाढेतून सरळ खालच्या दाढेला लावत आलो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नव्हतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग म्हणाले, चूक माझीही आहे, मी तोंडात लावलेली रबरं एकदाही तपासली नाहीत. मी म्हटलं, तपासणार कशी? मोठ्या माणसासमोर तोंडात रबर ठेवून बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी दर वेळी जिन्यातच काढून ठेवायचो.

सरळ ताणाने दाढा वर-खाली ओढल्या गेल्या. दाढा उंच झाल्या की त्याच आधी टेकतात, आणि पुढची फट आणखी उघडते. फट वाढली आहे म्हणाले. मी पदरांचं सांगणार होतो. नाही सांगितलं.

चार तासांत एवढं काम केलं म्हणजे रबरं तरी चांगल्या प्रतीची होती.

१५ मार्च
कोणत्याही शिंप्याने हेच केलं असतं. हिला विचारलं. ही म्हणाली, मीही शिवतेच की.



१७ मार्च
पॉपलिनचं नवं ठाण आलं. मोजायला घेतलं. आठ पदर गेले, नववा अडकला.

ठाण गुंडाळून ठेवलं.

१८ मार्च
ठरलं. ऑपरेशन करायचं.

कापण्याची मला भीती नाही. कापणं हा माझा धंदा. माझी भीती निराळी. आजवर जे कापलं गेलं ते मी कापलं आणि मीच शिवलं. इथे मी झोपेत असणार आणि टाके दुसऱ्याच्या हातचे. उठल्यावर काही कमी-जास्त दिसलं तर सांगायलाही तोंड बंद.

हिला सांगितलं. मशीनचा पाय थांबला. पदराने डोळे पुसले आणि परत मशीन सुरू केली. बऱ्याच दिवसांनी सुई मोडली.

पुन्हा लिहितो. ठरलं.

२ एप्रिल
तयारी. मिक्सर तपासून घेतला. पाटी आणि खडू घेतला, सहा आठवडे लिहून बोलायला. खडू दुकानातलाच. दाराला लावायला कागद लिहिला: 'मालकांचे ऑपरेशन असल्याने दुकान सहा आठवडे बंद राहील.' ही म्हणाली, बंद कशाला, मी चालवीन. मी म्हटलं, गिऱ्हाईक शिलाईसाठी येतं तितकंच माझ्या बोलण्यासाठी येतं. तिने वाद घातला नाही. कागद मात्र लावू दिला.

ऑपरेशनची तारीख पक्की केलीत ना, असं तिने विचारलं. तारीख जानेवारीतच मिळालीय, म्हटलं. १३ एप्रिल.

८ एप्रिल
सहा आठवड्यांचं बोलणं आत्ताच उरकून घेतोय. शाळेतल्या बाईंना सुती आणि मिश्र कापडातला फरक सविस्तर सांगितला. पोस्टमनला कोटाचा इतिहास. त्याच्या हातात अजून बरीच पत्रं होती, तरी उभा राहिला बिचारा. वकीलसाहेबांच्या घरी जाऊन त्या जांभईचा खुलासा केला. त्यांनी ऐकून घेतलं. पँट मात्र दुसरीकडे टाकली आहे.

१२ एप्रिल
मुलगी आली. बॅग भरली. दोन पायजमे, टॉवेल, पाटी. मुलगी मला एकटं गाठून म्हणाली, "बाबा, घाबरला असाल तर सांगा, मी कोणाला सांगणार नाही."

नाही म्हणालो. मग थोड्या वेळाने हो म्हणालो. ती शेजारी बसून राहिली. बरं वाटलं.

१३ एप्रिल, सोमवार, दुपारी
घरी आलो.

सकाळी उपाशीपोटी आम्ही तिघं बॅग घेऊन हजर. जबडेवाल्या बाईंनी बॅगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उभा राहून सांगितलं की माझा विचार झाला आहे, आपण बेलाशक कापा. दोन ओळींचं भाषणही तयार होतं, तेही म्हणून टाकलं.

बाई म्हणाल्या, बसा. आजची तारीख फक्त भेटीची होती. ऑपरेशनची तारीख अशी एका भेटीत ठरत नाही. आणि तारवाल्या डॉक्टरांनी नवे फोटो पाठवलेत, त्यांवरून तर आता लगेच ठरणारही नाही. दाढा इतक्या सरकल्या आहेत की आत्ता जबडा पुढे आणला तर वरचे-खालचे दात कुठेच जुळणार नाहीत. आधी दात पुन्हा जागेवर न्यायचे. त्याला साधारण एक वर्ष. तारा त्याच, रबरं तीच, तिरकी. तोवर सांध्याला आराम, मऊ खाणं, जांभई आली तर हनुवटीला हात. मग ऑपरेशन.

मी म्हटलं, मी बॅग आणली आहे.

"दिसली मला," बाई म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

सांधा वर्षभर टिकेल का, असं हिने विचारलं. रबरं रोज बावीस तास लावली तर टिकेल, असं बाईंनी सांगितलं. सांगितलं मला नाही. हिला सांगितलं.

परत आलो. दारावरचा कागद हिने काढला आणि दुकान उघडलं.

१४ एप्रिल, सकाळी आठ
आजपासून रबरं मी लावायची नाहीत, ही लावणार. दुकानातही काढायची नाहीत. टाचण्या बशीत. हे मी ठरवलेलं नाही.

हिने मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. चष्मा लावला. बाईंनी काढून दिलेलं चित्र एका हातात धरलं. सुळ्यापासून मागच्या दाढेपर्यंत, तिरकं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे सारखा ताण आहे का, हे पाहायला बोट फिरवून बघितलं.

दुखतंय का, म्हणाली.

अडीच वर्षं रबरं लावतोय. आज पहिल्यांदा दुखलं.