एकोणीस अक्षरांची पिशवी

४ फेब्रुवारी, सकाळ
निश्चय: आजपासून गरजू बायकांना कायमचं काम. निवृत्त मास्तरानं खिडकीत बसून जुन्या कविता किती दिवस पुटपुटायच्या? सूनबाईचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत मांडलं. चौघी आल्या. त्यातल्या थोरलीचा नवरा घर सोडून गेलाय. ती चार घरची भांडी घासते. बाकी तिच्याच गल्लीतल्या.

६ फेब्रुवारी
ऑर्डर मिळाली. चष्म्याचा दुकानदार माझाच विद्यार्थी. चष्म्यासाठी साध्या कापडी पिशव्या, दोनशे. पसंत पडल्या तर दर महिन्याला तेवढ्याच. थोरलीला म्हटलं, आता दोन घरं सोड. ती म्हणाली, सर, आधी पिशव्या तर जाऊ द्या. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? तिनं दोन्ही घरं सोडली.
दुपारी जरा पडलो.

९ फेब्रुवारी
साधी पिशवी? नुसती? मन मानेना. प्रत्येकीवर कवितेची एक ओळ भरायची. ओळ माझीच. शार्दूलविक्रीडित वृत्तातली. काय दिवस होते ते. मी चालीवर म्हणायला लागलो की वर्ग डोलायचा. शेवटचा बाक तर डोळे मिटून.

१३ फेब्रुवारी
अडचण. एकोणीस अक्षरं पिशवीवर बसेनात. ओळ तोडणं जिवावर आलं. पिशवीच लांब केली.
चौघींतली बोलकी म्हणाली, सर, यात चष्मा नाही, चष्मेवाला मावेल. सगळ्या हसल्या. थोरली सोडून. कामात आनंद हवाच.

१९ फेब्रुवारी
बत्तीस झाल्या. मुदत परवाची. पण मी शेजारी बसून ओळ म्हणतो, त्यानं हुरूप येतो. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही सुरू झालात की त्यांचे हात थांबतात. तन्मयता म्हणतात त्याला.
थोरलीनं सोडलेल्या घरांनी दुसरी बाई ठेवली म्हणे. बरंच झालं, मागचे दोर कापले गेले.

२१ फेब्रुवारी
चष्मेवाल्यानं पिशवीत चष्मा टाकला आणि कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढला. म्हणाला, सर, याच्याबरोबर छत्री फुकट देऊ का? शाळेतही पाठांतराच्या वेळी याचं पोट दुखायचं. ऑर्डर रद्द.
थोरली दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. तिला म्हटलं, ओळीची चाल थोडी संथ हवी होती.

२२ फेब्रुवारी
गुडघा. दिवसभर अंथरुणात.

२५ फेब्रुवारी
चौघींनी न विचारता माझ्या पिशव्या उसवल्या. एका पिशवीच्या दोन होतात. बाकीच्या उरल्यासुरल्या कापडाच्या. मी दारात उभा राहून मूक मार्गदर्शन केलं. बोलकीनं दार लोटून घेतलं, वारा येतो म्हणाली.

३ मार्च
थोरली आली. दोनशे पिशव्या स्वतः चष्मेवाल्याला नेऊन दाखवल्या. पसंत. काम कायमचं, बसायला दुकानामागची खोलीही. शेवटी माझी योजना फळाला आली.
म्हणाली, फक्त एक अट घातलीय त्यानं. कोणती विचारलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, तुम्ही नकोत.

४ मार्च
सूनबाईनं मशीन त्यांना देऊन टाकलं. फार जड. एका बाजूनं मी धरलं. जिन्यात म्हटलं, अशा प्रसंगावर एक सुंदर कविता आहे.
थोरली म्हणाली, सर, पायरी बघा. बोलू नका, दम लागेल.