अकरा वाजल्यानंतरची भिंत

४ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

बाबांच्या सायकलचं चेनकव्हर सैल होतं, आठवतं का? ते गल्लीच्या तोंडाशी आले की खडाक्-खडाक् ऐकू यायचं आणि आपण दोघं खेळ टाकून पुस्तकं उघडायचो. तू तर एकदा उलटंच धरलं होतंस. काल दुपारी डुलकी लागली आणि तोच आवाज कानात आला. दचकून उठलो, तर पलीकडच्या हॉलमध्ये कुणीतरी ड्रमचे स्क्रू आवळत होतं. पंच्याहत्तरी उलटली तरी हात आपोआप पुस्तक शोधायला गेला, बघ!

हॉल म्हणजे तुझ्या चिरंजीवांचा. त्याच्या दारावर परवाना कार्यालयाची नोटीस लागली आहे. गाणं, नाच आणि मद्यविक्री सध्या रात्री अकरापर्यंत चालते, ती दोनपर्यंत चालावी असा टिल्लूचा अर्ज आहे. कुणाची हरकत असल्यास वीस तारखेला सुनावणीला यावं. माझी आहे. मामाची भाच्याविरुद्ध हरकत! लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

तुझ्या वहिनीचं दुखणं तुला ठाऊक आहे, पण तिच्या सकाळींबद्दल मी कधी नीट लिहिलं नाही. झटका आल्यापासून दिवसभर ती माझ्याकडे चुकून घरात आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघते. मात्र रात्री अकराला भिंतीपलीकडचं थांबलं आणि तिला सलग झोप लागली, की सकाळी चहाच्या वेळी ती परत येते. अर्धा तास, कधी जरा जास्त. मी आपल्या चौथीच्या पुस्तकातली एखादी ओळ म्हणतो, शेवटचा शब्द मुद्दाम गाळतो आणि ती तो भरते. परवा म्हणाली, दाढी करा, भुतासारखे दिसताय. इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. पण हॉलमध्ये एखाद्या रात्री उशीर झाला की दुसऱ्या दिवशी ती येतच नाही. झोपेच्या गोळ्यांनी तर आणखीच हरवते. डॉक्टरांनी त्या बंद केल्या.

टिल्लूला रात्रीचे जे तीन तास हवेत, तेच मलाही हवेत, चिमे. तो माझ्यासमोर येत नाही. गल्लीत दिसलो की बंद फोन कानाला लावून बोलत सुटतो. तू आई आहेस, तुझं ऐकेल.

कळावे. लोभ आहेच, तुझा शब्द तेवढा पडावा.
दादा

११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून पत्रच लिहिते. तुझं पत्र वाचून वहिनीची वेणी आठवली. माझ्या लग्नात पाहुण्यांपेक्षा तिच्या वेणीकडेच सगळ्यांचं लक्ष होतं, आणि तू आपला कोपऱ्यात उभा राहून कविता म्हणत होतास. सगळी वऱ्हाडी मंडळी विचारत होती, हा मुलीचा भाऊ की कीर्तनकार!

टिल्लूशी बोलले. दादा, तो रडला. बेचाळीस वर्षांचा घोडा, फोनवर हुंदके देऊन रडला. म्हणाला, रंग भरतो न भरतो तोच अकरा वाजतात आणि माणसं उठून चौकातल्या दुसऱ्या ठिकाणी जातात. तिथे दोनपर्यंत चालतं. गाणारी मुलगी तिकडे गेली, ऑर्गन वाजवणाराही निघालाय. परवानगी नाही मिळाली तर हॉलला कुलूप. छपाईचं दुकान बुडालं, बायको निघून गेली, आता हेही गेलं तर मी काय करीन ते मला माहीत नाही आई, असं म्हणाला. त्याच्या त्या "माहीत नाही"ची मला धास्ती बसली आहे. रोज सकाळी फोन करून त्याचा आवाज ऐकते, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरतो.

वहिनीचा पलंग स्वयंपाकघरात नेता येणार नाही का? तेवढं बघ ना. मागू नये ते मागते आहे, कळतं मला. पण हरकत नको घेऊस, दादा.

रागावलास तरी पत्र पाठवायचं थांबवू नकोस.
तुझी चिमी

२२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवाच टिल्लूचा फोन आला. परवानगी मिळाली, एक तारखेपासून लागू. तू उठून उभा राहिलास तेव्हा आता संपलं सगळं, असं त्याला वाटलं म्हणे. आणि तू गाण्याबद्दल असं काही बोललास, की अधिकारी बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मामा देवमाणूस आहे, असं तो चारदा म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज माणसासारखा वाटला.

पण वहिनीच्या सकाळी तू माझ्या पोराच्या ओंजळीत टाकल्यास आणि त्या मागायला मीच आले होते. आभार कोणत्या तोंडाने मानू? तुला लहानपणी कंजूष म्हणायची, पेरूची फोडसुद्धा मोजून देतोस म्हणून. ते शब्द परत घेते.

माझ्यावरची माया एवढ्यात आटू देऊ नकोस.
चिमी

२७ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

शब्द परत घेऊ नकोस. मी काही दिलेलं नाही. माझ्या हातून सांडलं.

खरं काय झालं ते ऐक. निबंधाला आधी प्रस्तावना हवी, मग विषय, असं आपल्या गुरुजींनी शिकवलेलं. एकदम तक्रार करणं मला अडाणीपणाचं वाटलं, आणि त्यातून समोर टिल्लू मान खाली घालून बसलेला. म्हटलं, सुरुवात गोड करावी. लहानपणी नदीपलीकडून येणारी गाणी, अंगणात आडवं पडून ती ऐकणं, गाण्याने शेजार कसा उजळतो, असं बोलत गेलो. मला वाटतं, एक कविताही म्हटली. समोरच्या माना डोलायला लागल्या आणि मी पाघळलो. प्रत्येकाला तीनच मिनिटं आहेत हे मला सांगितलं होतं. घंटी वाजली. मी म्हणालो, मुद्दा पुढेच आहे. बाई हसून म्हणाल्या, आजोबा, मुद्दा छान पोहोचला. टिल्लूच्या वकिलाने उठून मला नमस्कार केला. तुझ्या वहिनीचं नावसुद्धा मी त्या खोलीत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, शेजाऱ्यांचा पाठिंबा अशी नोंद झाली आहे. ज्याने पाठिंबा दिला त्याला अपील करता येत नाही. मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून होतो. शेवटी शिपायाने पाणी आणून दिलं.

पलंगाचं म्हणशील, तर तो स्वयंपाकघराच्या दारातून जात नाही. गादी जमिनीवर घालून पाहिली. ती रात्रभर कोपऱ्यात बसून रडली, मला घरी सोडा म्हणून. आपल्याच घरात, चिमे. दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं तर काय होईल, याचा विचारसुद्धा करवत नाही.

काय करू ते तूच सांग. माझी अक्कल संपली. लोभ असो नसो, उलट टपाली उत्तर मात्र असावं.
दादा

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

एका भिंतीच्या अंतरावरून मामा पत्र लिहितोय, हसू नकोस. समोर आलो तर पुन्हा प्रस्तावनाच करत बसेन. तुझ्या आईचं उत्तर आलेलं नाही. तिलाही काय लिहावं ते सुचत नसेल.

आज सकाळी तुझी मामी आली होती. म्हणजे कशी, ते तुझ्या आईने सांगितलंच असेल. मी ओळ म्हणायची विसरलो. चहा गार होऊ दिला आणि नुसता तिच्याकडे बघत बसलो. तिने विचारलं, असं काय बघताय, गावाला निघाल्यासारखं? मी म्हटलं, काही नाही. मग तुझी आठवण काढली. टिल्लू जेवायला येत नाही हल्ली, बारीक झाला असेल, म्हणाली. थोड्या वेळाने मला विचारलं, आपण कोण.

हॉल बंद कर असं मी म्हणत नाही. तू बुडावास असं मला कधीच वाटलं नाही. पण मंगळवारी आणि बुधवारी तुझ्याकडे गर्दी नसते, मला भिंतीतून कळतं. त्या दोन रात्री तरी अकराला थांबशील का? आठवड्याला दोन सकाळी मिळाल्या तरी मी त्यावर दिवस काढीन. दोन जड जात असतील तर एक दे. मी कुणाकडे जाणार नाही, कुठे काही बोलणार नाही. तुझे पाय धरायची माझी तयारी आहे, फक्त गुडघे वाकत नाहीत.

आत्ता पलीकडे माईक तपासतायत. ती पलंगावर ताठ उठून बसली आहे. आज अजून अंधारही पडला नाही आणि

दार वाजलं. तू असशील तर हे पत्र चुलीत घालीन, असं मनाशी म्हणत उठलो.

तू नव्हतास. तुझी आई आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उशी. स्टेशनवरून तुझ्या दारावरून चालत आली आणि आत न वळता इकडे आली. अजून उंबऱ्यातच उभी आहे. मी कुणाला लिहितोय ते तिने विचारलं आणि पुढचं ती सांगते तसं लिहायला लावलं. आजपासून ती मामीच्या पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला झोपणार आहे. तू खुशाल दोनपर्यंत वाजव. तुझी आई जागी आहे, ऐकते आहे.