माझ्या तारा तुझ्या गिटारवर

दादा,

रेकॉर्डिंगमध्ये माझी गिटार इतकी घाणेरडी का वाजत होती, ते सापडलं. चार दिवस मी केबल बदलली, माईक जवळ-लांब सरकवला, खोली घुमू नये म्हणून भिंतीला गादी उभी केली, घरघर नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला. तरी ओल्या पुठ्ठ्यावर चापट मारल्यासारखा आवाज. आणि तू दारात टेकून, आई-बाबांसमोर म्हणालास, "गिटारला कशाला दोष देतेस? तुझा हातच बसलेला नाही." मला ते खरंच वाटलं.

आज तारा पुसल्या. फडक्यावर काळीहिरवी घाण निघाली. माझ्या तारा तर पंधरा दिवसांपूर्वीच्या! नवी तार लावली की तिच्या खालच्या टोकाला मी लाल नेलपेंटचा ठिपका देते, हे तुला माहीत नव्हतं. तुझी गिटार पाहिली. सहाच्या सहा ठिपके तिथे.

मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या रे. पण स्वतःच्या घामाने कुजलेल्या तारा माझ्या गिटारवर चढवायच्या आणि वर माझ्याच हातांना नावं ठेवायची? शिसारी आली मला.

मी आत्याकडे जातेय, फोन करू नकोस. आजच्या रेकॉर्डिंगसाठी बंद केलेला फ्रिज चालू कर, दूध नासेल. कॉम्प्युटरवर एक रेकॉर्डिंग उघडं ठेवलंय. तेच गाणं, तुझ्या गिटारवर, माझ्या याच हातांनी वाजवलेलं. आई-बाबांना तूच ऐकव.

– धाकटी