पेशीतली चूल

३ नोव्हेंबर १९९५
जळतं! आपल्या पेशीपेशीत अन्न जळतं — ज्वाळ नाही, धूर नाही! जीवशास्त्राच्या राजम मिस सांगत होत्या, मला बाकावर बसवेना. भाताचं ग्लुकोज होतं, रक्तातून पेशीत जातं, तिथे ऑक्सिजनवर हळूहळू जळतं. म्हणून अंग ऊबदार. हे लिहितानाही बोटांत जळतंय!

राजवाड्यामागच्या बोळातून पळत येऊन अम्माला सांगितलं. "बरं, आधी इकडची चूल बघ, सांबार उतू चाललं."

९ नोव्हेंबर
कीर्तना सात दोसै खाऊन म्हणते, "अक्का, अजून एक!" अकरा वर्षांची धाकटी बहीण माझी — भस्म्या झालाय नुसता! वर तांब्याभर पाणी. घरी मराठी बोलते, पण शाळेत तमिळच; तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून बिनधास्त लिहिते.

१६ नोव्हेंबर
एवढं खाऊन कीर्तना वाळतेच आहे. परकर कमरेवर टिकेना. पुढच्या महिन्यात पापनाशम गावी तिची धावण्याची शर्यत, आणि आज सरावात मध्येच बसली. अप्पा म्हणाले, "शर्यत नको आता." किती रडली!

पण मला कळलंय — इंधन कमी पडतंय!

१७ नोव्हेंबर
गुपचूप ग्लुकोजचा डबा आणला. पचवायचीही गरज नाही, थेट पेशीत! सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. "मी धावीन, अक्का?" "धावशीलच!" बारावीत उगीच नाही बसले मी.

२३ नोव्हेंबर
सारखी पाणी पिते, सारखी मोरीकडे धावते. जीव नाही अंगात. चमचे वाढवले.

२६ नोव्हेंबर
सकाळी उठेचना. श्वास खोल, जोरजोरात. रिक्षा करून दवाखान्यात नेली. साखर चारशे ऐंशी! डॉक्टर म्हणाले, "साखर पेशीत जायला इन्शुलिन लागतं. तिच्या शरीरात ते बनत नाही. रक्तात साखर भरपूर, पेशी उपाशी."

थेट पेशीत म्हणे! मी डब्याचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुणीच ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं.

३ डिसेंबर
इन्शुलिन लागू पडलं! गालांवर रंग आला! आज दोनच दोसै खाल्ले आणि "पुरे" म्हणाली. हे "पुरे" ऐकून अम्मा रडली, मीही.

४ डिसेंबर
डबा फेकायला निघाले होते. अप्पांनी हात धरला — "डॉक्टरांनी ठेवायला सांगितलंय. इंजेक्शननंतर साखर एकदम उतरली, तर हेच तिला वाचवेल."

कीर्तनाने डबा माझ्या हातून घेतला. "पुढच्या वर्षी शर्यतीला हा डबा तू धरून उभी राहा, अक्का."