कोरी पानं

प्रिय चिमणे,

मला पत्र टाकू नकोस, असं तू जाताना बजावलं होतंस. इतकी वर्षं मी ते पाळलं, आणि तुला ठाऊकच आहे, गप्प बसणं हा काही माझा गुण नाही. आज मोडतेय. रागावलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. तू आणि ताई, मायलेकी पुन्हा एका खोलीत बसलेल्या मला बघायच्या आहेत. आणि आता उशीर परवडणार नाही.

घरचं सांगते. पियानोनं अजून पुढची खोली अडवलेली आहे आणि आम्ही दोघी अजून कडेकडेनंच वावरतो. ताईचे केस पांढरे झाले, हट्ट काळाभोर आहे. अजून ती दवाखान्यांत, तुरुंगात, कारखान्याच्या जेवणघरात वाजवायला जाते. आधी उभी राहून बोलते, की माणूस माणसाला परका नसतो, आणि ज्याला दुसऱ्याचं ऐकता येतं तो दुसऱ्यावर हात उगारत नाही. बोलणं लांबतं, लोक जांभया देतात, पण एकदा बोटं पट्ट्यांवर पडली की जांभया बंद. तू म्हणायचीस, सगळ्या जगाची आई आणि स्वतःच्या घरात पाहुणी. ते तिला फार लागलं होतं. खोटं असतं तर लागलं नसतं.

मी अजून तिच्या डाव्या हाताला बसून पानं उलटते. तिनं मान हलवली की पान उलटायचं, एवढंच माझं संगीत.

या हिवाळ्यापासून मात्र एक नवीनच सुरू झालंय. छापील रचना संपली की ताई सगळ्यांना जरा शांत बसायला सांगते आणि समोर कोरे कागद लावते. मग वाजवायला लागते. मला वाटलं, म्हातारचळ लागला. पण ती त्या कोऱ्या कागदावरून खरोखर नजर फिरवते, ओळीमागून ओळ, आणि पान संपलं की मान हलवते. मी उलटते. एकदा मला हसू फुटलं आणि उलटायला उशीर झाला, तर तिचे हात अधांतरी थांबले. तिला खरंच पुढचं दिसत नव्हतं. त्या दिवसापासून मी हसत नाही.

पहिल्यांदा कारखान्यात झालं. वाजवून संपलं आणि एक फोरमन उठून जवळ आला. म्हणाला, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? माझे वडील दाढी करताना हे गुणगुणायचे. त्यांचं स्वतःचंच होतं, दुसऱ्या कुणाला येत नाही." मग दवाखान्यात एक निवृत्त हेडमास्तर. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडाला, त्याचं गाणं होतं म्हणे ते. हेडमास्तर रडले नाहीत, भिंत धरून बाहेर गेले. आता दर वेळी कुणीतरी उठतंच. ताई खूश आहे. म्हणते, "बघ, मी जन्मभर सांगत होते ना, आत सगळे एकच आहेत." मी हो म्हणते. पण तेव्हा तिच्या हाताला हात लागला तर तो गारठलेला असतो, पापणी लवत नाही, आणि नंतर दोनदोन दिवस ती घरात परक्यासारखी वागते. परवा मला "अहो, जरा पाणी द्याल का" म्हणाली. सख्ख्या बहिणीला. मला खरंच भीती वाटते गं. लोकांचं एकेक आत येतंय आणि तिचं एकेक बाहेर जातंय.

गेल्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. कोरी पानं लागली. पहिले चार सूर वाजले आणि माझा हात कागदावर तसाच राहिला. शाळेतून आलीस की तू दाराबाहेरून शीळ घालायचीस ना, मी कडी काढावी म्हणून? ती शीळ. ताई तेव्हा कायम दौऱ्यावर, म्हणजे ती तुला आणि मलाच माहीत. मग ती हळूहळू मंद झाली आणि तिची अंगाई झाली. अशी अंगाई मी कधी ऐकलेली नाही. मधेच ती तुटली. मी घाईनं पान उलटलं, त्याच्या पुढचंही उलटलं. ताईनं हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, "राहू दे. पुढे काही लिहिलेलंच नाही."

या वेळी कुणीच उठलं नाही. मी सगळ्या रांगा पाहिल्या. मागचं दार तेवढं हलत होतं.

घरी येताना ताई म्हणाली, "आज तिथे एक आई बसली होती. तिचं बाळ गेलंय, आणि तिनं ते कुणालाच सांगितलेलं नाही. तिला आपलं असं कुणी असेल का गं?" साऱ्या जगाचं ऐकू येणाऱ्या माझ्या बहिणीला स्वतःची लेक ओळखू आली नाही. मी तिला सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तूच सांग. चिमणे, मी आजी झाले होते आणि मला कळलंसुद्धा नाही. तू एवढं सगळं उरात घेऊन आईपर्यंत आलीस आणि तशीच परत गेलीस. पुन्हा ये. आज तरी ताईला मधूनमधून आपली माणसं ओळखू येतात, उद्याचं मी सांगू शकत नाही. तिला काय म्हणायचं ते तू ठरव, भांड हवं तर. मला फक्त बाळाचं नाव काय ठेवलं होतंस तेवढं सांग.

तुझीच,
मावशी