विमलचा अर्धा कागद

गोंदिया, मंगळवार, फेब्रुवारी १९५६

आजही मालकांसमोरची खुर्ची विमललाच मिळाली. विडी कारखान्याच्या कचेरीतली पुस्तकं, राजपत्रं, वर्तमानपत्रं तीन वर्षं मी कपाटांत लावते आहे. विमल आत्ता दिवाळीनंतर कामाला आली. रोज सकाळी सगळं वाचते आणि मालकांच्या कामाचं तेवढं अर्ध्या कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवते.

आज मालकांनी आम्हा दोघींना तेंदूपत्त्याच्या लिलावाचा नवा नियम विचारला. मी राजपत्र काढायला कपाटाकडे धावले. परत येते तो तिने तोंडीच सांगून टाकलेला.

"विमलबाई, आप बैठिए," मालक म्हणाले. मी राजपत्र घेऊन उभीच.

मुनीमजी हसले, "बाई, तुमची अलमारी काऊन झोपून राहिली?"

तिचा तो अर्धा कागद फाडावासा वाटला. इतकी का जळते मी? राजपत्र एका क्षणात सापडलं, ते कुणामुळे? पण ते कुणी उघडलंच नाही.

घरी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "पोरी, आज मालकानं तुले काय इचारलं?"

"तेंदूपत्त्याचा नियम."

"मंग, सांगितलं तू?"

"हो."

बाबा लगेच शेजारी सांगायला गेले.

उद्याचं वर्तमानपत्र कपाटात लावण्याआधी मी वाचणार. विमलच्या आधी.