चावरी मालू आणि भावनांचं घड्याळ

सोमवार, १९ जानेवारी

मालू परत चावली. ह्या वेळी दिपेशला. बेंचवर शेजारी बसतो, गरीब पोरगं, डब्यातला पराठा देत होतं म्हणे. हिने पराठा सोडला आणि हात धरला. पहिलीतली मुलगी आहे की मांजर?

शाळेचा फोन ऑफिसात, ऐन मीटिंगमध्ये. पाच तारखेला आई-बाबा दोघांनीही या. तोवर अजून एकदा चावली तर घरीच ठेवा. दोघांनीही! म्हणजे सुशांतला हजर करायचा. झालं कल्याण.

घरी आल्यावर विचारलं, का चावलीस? म्हणे, "मला कसंतरी होत होतं." कसंतरी म्हणजे काय? "कसंतरी म्हणजे कसंतरीच." एक धपाटा घालणार होते, पण सासूबाई समोर बसलेल्या.

काल तर मजेत होती. ठाण्याला नणंदेकडे वाढदिवस, केक, फुगे. परत येताना मात्र गप्प झालेली. रिक्षा माजिवड्याच्या पुलाखाली अडकली तेव्हापासून स्टेशन येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, केक बाधला.

मंगळवार, २० जानेवारी

शाळेतल्या रत्नदीप सरांना भेटले. हे मुलांच्या भावनांचे सर! आमच्या वेळी भावनांचे सर नव्हते, पट्टीवाल्या बाई होत्या. पंचवीस-सव्वीसचे असतील. घरी मूल नाही, म्हणून एवढे शांत. त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ दिलं — आकड्यांच्या जागी तोंडं. आनंद, राग, दुःख, भीती. मालूने रोज काटा फिरवायचा. भावनेला नाव दिलं की ती हातात येते, म्हणाले. मी विचारलं, 'कसंतरी' कुठे आहे ह्यात? हसले, पण वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, घरात काही बदल झालाय का? मी म्हटलं, बाबा कामासाठी बंगलोरला असतो.

बाबा माजिवड्याला असतो. मित्राच्या फ्लॅटवर, दिवाळीपासून. आमचं जमेना म्हणून. पण मालूला एवढ्यात कळू द्यायचं नाही असं ठरलंय. लग्नानंतर आमचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट! रोज व्हिडिओ कॉलवर पाठीमागे पडदा ओढून बसतो आणि बंगलोरच्या थंडीबद्दल बोलतो. सासूबाई मात्र माझ्याकडेच राहिल्या. म्हणाल्या, त्याच्या हातचं कोण खाणार. नवरा गेला, सासू राहिली. आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

घड्याळ फ्रिजवर लावलंय. काटा रोज आनंदावर. का गं? तर म्हणे, आनंद लावला की लगेच खेळायला सोडता, राग लावला की बसवून बोलता. हुशार कार्टी.

सासूबाईंनी माझ्याकडे बघत काटा रागावर नेला आणि म्हणाल्या, "हा रुचिताचा. आता हलवायला नको."

शनिवार, २४ जानेवारी

महाभयंकर दिवस. चप्पल उलटी पडली म्हणून मालूने घर डोक्यावर घेतलं. लाथा, किंकाळ्या, वरच्या मजल्यावरून बाई विचारायला आली. मी घड्याळ पुढे केलं, तिने काटाच उपटला.

मग सासूबाई उठल्या. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत. मालूला पाटावर बसवलं आणि तिच्यावरून मूठ हळूहळू ओवाळायला लागल्या. आल्याची, गेल्याची, दारातल्याची, शेजारणीची — लागली असेल त्याची दृष्ट जावो. मी कपाळाला हात लावला. पण मालू गप्प! मुठीकडे डोळे लावून बसली. आणि मग स्वतःच भर घालायला लागली. "दुधीच्या भाजीची. जिन्यातल्या कुत्र्याची. दिपेशच्या आईची, ती माझ्याकडे कशी बघते."

मिरच्या गॅसवर टाकल्या, ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त होती, इति सासूबाई. अहो, डोंबिवलीत राहून नाकं मेलीत आपली, ठसका कसा लागणार! पण पोरगी दोन वाट्या वरणभात जेवली.

गुरुवार, २९ जानेवारी

मालूने शाळेत दृष्टीचं सगळं सांगितलं. सरांचा फोन. मेले, म्हटलं, आता अंधश्रद्धेवर भाषण. तर सर म्हणाले, चालू ठेवा, फक्त मूठ तिच्या हातात द्या आणि मिरच्या वगळा. ती काय काय म्हणते ते ऐका.

सासूबाई दिवसभर अशा फिरतायत की भावनांचं डिपार्टमेंट त्यांनीच काढलंय.

दहा दिवस झाले, चावली नाही. मला देवाला हात जोडावेसे वाटतात, पण नको, बोलले की बिघडतं.

रविवार, १ फेब्रुवारी

सुशांतशी पाच तारखेचं ठरवलं. तो सकाळी 'विमानाने' येणार. म्हैसूरपाक ठाण्यातून घेणार. मी म्हटलं, डब्यावरचा पत्ता खरवडून आण, तिला आता वाचता येतं. दोघं फोनवर हसलो. मग मला रडू यायला लागलं, फोन ठेवून दिला.

बुधवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसात बोलणी खाल्ली, घरी कुकर करपला, मी झाकण भिरकावलं. थेट भिंतीवर.

मालू मूठभर मीठ घेऊन आली. "बस," म्हणाली. बसले. छोटीशी मूठ माझ्या डोक्यावरून फिरायला लागली, मीठ केसांत सांडत होतं.

"ऑफिसची. कुकरची. आजीच्या टीव्हीची. माजिवड्याच्या बाबाची."

मी तिचा हात धरला. कुठला बाबा?

"आपलाच. पुलाखाली वडापाव खात होता. मी हाक नाही मारली. तू म्हणालेलीस ना, तो बंगलोरला आहे. मग मला कसंतरी झालं."

तिने मूठ सोडवून घेतली आणि राहिलेली फेरी पूर्ण केली.

आत्ता सुशांतला फोन केला. म्हटलं, म्हैसूरपाक आणू नकोस. माजिवड्याहूनच ये.